दोष उन्हाचा नाही

खान्देशात मे महिन्यात हिरडीतून रक्त आले की दोष उन्हाला जातो. भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकतो, पोरांचा घोळणा फुटतो, लघवीला जळजळ होते, आणि त्याच रांगेत हिरडीचे रक्तही नेऊन बसवले जाते. ‘उष्णता वाढली’ हे निदान घरातच होते. मग सब्जा भिजतो, गुलकंद येतो, धने-जिऱ्याचे पाणी होते. ब्रश लावला की रक्त येते म्हणून तो चार दिवस बाजूला ठेवला जातो. मृग लागतो, ऊन उतरते, रक्त मात्र येतच राहते. तोवर त्याची सवय झालेली असते.

सब्जा-गुलकंदाने कोणाचे काही बिघडत नाही. बिघडते ते ब्रश बाजूला ठेवल्याने. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की तोंड कोरडे पडते आणि दात धुऊन काढण्याचे लाळेचे काम मंदावते, एवढा उन्हाचा वाटा मान्य करता येईल. पण निरोगी हिरडी भर उन्हाळ्यातही रक्त गाळत नाही. रक्त येते ते हिरडी सुजलेली असते म्हणून, आणि ती सुजते ती बहुतेक वेळा दाताच्या कडेला साचलेल्या जंतूंच्या थरामुळे.

हा थर सहज दिसत नाही, जिभेला मात्र कळतो. सकाळी उठल्याबरोबर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीतपणा लागतो, तो हाच. दात आणि हिरडी जिथे भेटतात तिथे एक बारीक खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली १ ते ३ मिलिमीटर. थर त्या खाचेत बसला की शरीर त्याच्याशी झगडू लागते. तिथल्या रक्तवाहिन्या फुगतात, पांढऱ्या पेशींची गर्दी होते, खाचेचे आतले नाजूक अस्तर जागोजागी सोलवटते. बाहेरून हिरडी लाल, फुगीर, तुकतुकीत दिसते. अशा जागी ब्रशचा केस लागला, पेरू चावला, भाकरीचा कडक पापुद्रा रुतला की रक्त यायचेच. माणसाला वाटते ब्रशने जखम केली. जखम आधीपासून तिथे होती. ब्रशमुळे ती कळली इतकेच.

थर तसाच राहिला तर लाळेतले कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात उतरू लागते आणि पंधरवड्याच्या आत त्याचा दगड बनतो. मराठीत त्याला किटण म्हणतात. खालच्या पुढच्या दातांच्या मागे आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या अंगाला ते सर्वांत जास्त धरते, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडे तिथेच उघडतात. किटणाचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यामुळे नवा थर त्यावर आणखी घट्ट बसतो. ते ब्रशने निघत नाही, मिठाने निघत नाही. राखुंडी आणि कोळशाच्या भुकटीने दात घासून घासून झिजतो, किटण जागचे हलत नाही.

या साऱ्याचा पुरावा पुरेसा जुना आहे. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणे पूर्ण थांबवायला सांगितले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. मग त्यांना पुन्हा नीट दात घासायला लावले आणि साधारण आठवड्याभरात हिरड्या पूर्ववत झाल्या. गोळी नाही, इंजेक्शन नाही, पथ्य नाही. दंतशास्त्राच्या इतिहासात इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग क्वचितच झाला असेल. रक्त आले म्हणून ब्रश सोडणारा माणूस त्या प्रयोगाचा पहिला अर्धा भाग नकळत स्वतःवर करत असतो. दुसरा अर्धा भाग त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

तो सांगायचा तर असा. रक्त येत असेल तेव्हाच दात अधिक निगुतीने घासायचे. ब्रश मऊ केसांचा हवा. दात आणि हिरडी यांच्या सांध्यावर तो तिरका धरून, जोर न लावता, बारीक हालचालीने फिरवायचा. दोन मिनिटे, दिवसातून दोनदा. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि जंतूंना रात्र मोकळी मिळते. दोन दातांच्या मधल्या भागात ब्रशचे केस पोचत नाहीत; तिथे दंतदोरा किंवा फटीत जाणारा बारीक ब्रश लागतो. लग्नाच्या पंगतीतून उठल्यावर आगकाडीने, टाचणीने, पिनेने दात कोरत बसायची सवय गावोगाव आहे. तिने अन्नाचा कण निघतो आणि हिरडीला नवी जखम होते. पहिले काही दिवस घासताना रक्त येईल, मग ते ओसरू लागेल. नीट घासूनही दोन आठवड्यांनी रक्त येत असेल, तर आत किटण आहे किंवा दुसरे काही आहे. तिथे घरचा उपाय संपतो आणि दातांच्या डॉक्टरकडे जाणे आले.

इथेच गाडी अडते. धुळे-जळगावच्या गावांत दातांच्या दवाखान्याची पायरी चढायची ती दाढ ठणकायला लागल्यावर, लवंगेचे तेल आणि मेडिकलवरची गोळी दोन्ही हरल्यावर. हिरडीच्या रक्ताबद्दल विचारले तर अहिराणीत एका दमात विषय संपतो: ‘दुखत नही, मंग कसाले?’ कापूस वेचायला जाणाऱ्या बाईचा दिवस बुडतो, तिच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच आहे. शिरपूर तालुक्यातल्या बोराडीकडच्या पाड्यावरून धुळ्याला यायचे तर आधी शिरपूर गाठायचे, तिथून पुढे पन्नासेक किलोमीटर. जाऊन-येऊन मजुरी गेली, भाडे गेले, आणि कशासाठी, तर न दुखणाऱ्या हिरडीसाठी.

पण हिरडीचा आजार दुखत नाही, हाच त्याचा मोठा धोका आहे. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली की माणसाला रात्रभर झोपू देत नाही. हिरडीचा आजार नसेच्या वाटेला जात नाही. तो दाताच्या बाहेरून, मुळाच्या कडेने खाली उतरतो. ३ मिलिमीटरची खाच ५-६ मिलिमीटरची होते, दाताला धरून ठेवणारे धागे तुटतात, जबड्याचे हाड विरघळू लागते. लोक ज्याला पायोरिया म्हणतात तो हा टप्पा. हिरडीची नुसती सूज पूर्ण बरी होते. गेलेले हाड सहसा परत मिळत नाही, फक्त पुढची झीज थांबवता येते. दात हलायला लागल्यावर माणूस डॉक्टरकडे पोचतो तेव्हा दहा-पंधरा वर्षांचे नुकसान होऊन गेलेले असते. या सगळ्या वर्षांत शरीराने एकच खूण वारंवार दाखवलेली असते: चुळीच्या पाण्यातली लाली.

ही लाली कोणाच्या बाबतीत किती पुढे जाईल, ते वरून सांगता येत नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांमधल्या ४८० पुरुष मजुरांचा अभ्यास त्याच हाराल्ड लो यांनी १९७० पासून केला. या मजुरांना ब्रश माहीत नव्हता, दंतवैद्य माहीत नव्हता. सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या. तरी १९८६ मध्ये निष्कर्ष छापून आले तेव्हा तीन वेगळ्या वाटा दिसल्या. ११ टक्के लोकांचा आजार सुजेच्या पुढे गेलाच नाही. ८१ टक्के लोकांची झीज मध्यम वेगाने होत राहिली. उरलेल्या ८ टक्क्यांची झीज इतकी वेगाने झाली की पंचेचाळिशीपर्यंत त्यांच्या तोंडात दात उरले नाहीत. रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड खांद्यावरून वाहणारा मजूर आणि चहामळ्यातला मजूर यांच्या दिवसभराच्या कामात फरक असेल, हिरडीच्या वागण्यात नसावा. ‘आमच्या बाबांच्या हिरडीतून जन्मभर रक्त आले, दात शाबूत होते,’ असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. त्याचे बाबा त्या ११ टक्क्यांतले असतील. मुलगा कोणत्या गटात आहे, ते खाचेची खोली मोजल्याशिवाय कळणार नाही.

खोली मोजायला दंतवैद्याकडे खुणा असलेली एक बारीक सळई असते. तपासणी पाच-दहा मिनिटांची. गरज वाटली तर एक्स-रे. मग किटण काढतात, आणि त्याआधी एका जुन्या भीतीला सामोरे जावे लागते.

दात साफ केले की ते हलायला लागतात, फटी पडतात, असे खान्देशातल्या घराघरांत ऐकू येते. ज्यांनी अनुभव घेतला त्यांचेच हे बोलणे असते, म्हणून ते हसण्यावारी नेऊ नये. घडते असे: हाड आधीच खाली गेलेले असते, दोन दातांमधली मोकळी जागा किटणाने भरलेली असते आणि वर सुजलेल्या हिरडीने झाकलेली असते. किटण निघाले, सूज उतरली, की मागे राहिलेली रिकामी जागा दिसू लागते आणि जिभेला लागू लागते. किटणाने एकमेकांना जखडलेले दात सुटे झाल्यावर हलतातही. काही दिवस थंड पाणी झोंबते, कारण मुळाचा उघडा भाग प्रथमच वाऱ्याला लागलेला असतो. हे सारे डॉक्टरांनी अवजार हातात घेण्याआधी पाच मिनिटे बसून सांगायला हवे. न सांगितल्यामुळे एक रुग्ण घरी जाऊन दहा जणांना घाबरवतो, आणि त्या दहांपैकी कोणाचा तरी आजार आणखी पाच वर्षे खाली उतरत राहतो. दंतवैद्यकाच्या व्यवसायाने ही जबाबदारी अजून पुरेशी मनावर घेतलेली नाही.

रक्त येत नाही म्हणून निर्धास्त राहावे, असेही नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरड्यांत रक्तप्रवाहच मंदावतो. आत खाच खोल होत असते, हाड झिजत असते, पण हिरडी फिकट, घट्ट आणि कोरडी दिसते. तंबाखू आजार वाढवतो आणि त्याची खूणही पुसतो. अशा माणसाने विडी सोडली की पुढच्या काही आठवड्यांत हिरडीतून रक्त येऊ लागण्याची शक्यता असते. ‘विडी होती तेच बरे होते’ असे म्हणून तो पुन्हा बंडलाकडे वळू नये, यासाठी त्याला आधीच सांगून ठेवले पाहिजे की रक्तप्रवाह परत आल्याची ही खूण आहे, आणि हीच वेळ तपासून घेण्याची आहे.

तंबाखूचा दुसरा मार्ग स्वयंपाकघरातून जातो. तव्यावर तंबाखू भाजायची, तिची काळी पूड करायची, आणि सकाळ-संध्याकाळ बोटाने दात-हिरड्यांना चोळायची. कुठे तिला मिसरी म्हणतात, कुठे मशेरी. दात घासण्याचे साधन म्हणून ती सुरू होते आणि तलफ म्हणून उरते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांमधल्या या सवयींची नोंद शास्त्राच्या दप्तरी आहे. तोंडाच्या कर्करोगाशी तंबाखूचे नाते आता सर्वांना ऐकून माहीत झाले आहे. पण रोज जिथे पूड किंवा तंबाखू-चुन्याचा बार टेकतो, तिथली हिरडी खाली सरकते आणि दाताचे मूळ उघडे पडते, हे फारसे कोणी सांगत नाही. तंबाखूयुक्त टूथपेस्ट आणि दंतमंजनावर केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी घातली. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीपर्यंत कोणताच कायदा पोचत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरताना आढळले. म्हणजे जवळजवळ दर चौथा माणूस. त्यांत आज्या आहेत, सासवा आहेत, आणि त्यांचे पाहून शिकणाऱ्या सुना-नातीही आहेत.

‘शुगर’ हा शब्द आता जळगावच्या बळीराम पेठेत जितका चालतो तितकाच धरणगाव-पारोळ्याच्या पारावर चालतो. भारतात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासातून २०२३ मध्ये पुढे आला. मधुमेह आणि हिरड्या यांचा संबंध दुहेरी आहे. साखर वाढलेली असली की हिरडीची सूज लवकर चढते आणि हाड वेगाने झिजते. उलट हिरडीतली सततची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांचे नीट उपचार केल्यावर दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ही चाचणी साधारण ०.४ टक्क्यांनी खाली येते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले आहे. एखादी जादा गोळी सुरू करून जो फरक पडावा, त्याच्या जवळपास जाणारा हा आकडा आहे. तरी मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात पाय तपासतात, डोळ्यांच्या पडद्याची चौकशी करतात, तोंड उघडायला कोणी सांगत नाही. आणि वारंवार हिरडीला फोड येणाऱ्या रुग्णाची साखर तपासायला दातांचे डॉक्टरही अनेकदा विसरतात.

गरोदर बाईची गोष्ट वेगळी आणि सोपी आहे. संप्रेरकांमुळे तिच्या हिरड्या थोड्याशा थराने देखील जास्त सुजतात, कधी दोन दातांमध्ये लाल गाठही येते. बाळंतपणानंतर हे पुष्कळसे ओसरते. पण ‘पोटात बाळ आहे, दाताला हात लावू नका’ या सल्ल्याला आधार नाही. दात साफ करणे गरोदरपणात सुरक्षित आहे. चौथा ते सहावा महिना बाईच्या सोयीचा. काही घरांत बाळंतिणीला महिना-सव्वा महिना ब्रश लावू देत नाहीत. ज्या काळात तिच्या हिरड्यांना काळजी हवी, त्याच काळात ती बंद होते.

आता त्या रक्ताबद्दल, ज्यासाठी दोन आठवडे थांबायचे नसते.

पावसाळ्यानंतर धुळे-जळगावात डेंग्यूचे रुग्ण वाढतात. ताप, अंगदुखी आणि त्यातच हिरडीतून किंवा नाकातून रक्त, असे झाले तर ब्रशचा विचारही करू नये. तो धोक्याचा इशारा आहे आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा. अंगावर विनाकारण काळे-निळे डाग, सतत थकवा, पांढराफटक चेहरा, आणि काही आठवड्यांत भराभर फुगलेल्या, रक्ताळलेल्या हिरड्या हे चित्र रक्ताच्या कर्करोगात दिसू शकते. साध्या रक्ततपासणीने पुढची दिशा मिळते. हृदयाच्या आजारासाठी रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त जास्त येते. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे आधी ज्यांनी ती लिहून दिली त्यांना विचारावे. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन आणि फिटची फेनिटॉइन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या वाढून दातांवर चढतात. डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवली की हे लगेच लक्षात येते. एकाच जागी दोन आठवड्यांहून अधिक न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, हिरडीतून पू, हलणारा दात, स्वच्छ कापड दाबून धरूनही १०-१५ मिनिटांत न थांबणारे रक्त: यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये.

हिरडीतून रक्त म्हणजे ‘क’ जीवनसत्त्व कमी, हे शाळेत शिकलेले सूत्र पुष्कळांच्या लक्षात असते आणि ते मेडिकलवरून गोळ्यांची पट्टी आणतात. त्या कमतरतेने होणारा स्कर्व्ही हा आजार खरा आहे, पण ज्या जेवणात लिंबू, पेरू, आवळा, हिरवी मिरची येते तिथे तो क्वचितच होतो. गोळ्यांनी किटण निघत नाही. हिरडीच्या आजाराची ओळख तर इथली फार जुनी. सुश्रुतसंहितेत तोंडाचे ६५ रोग मोजले आहेत, त्यांपैकी १५ दातांच्या मुळाशी असलेले. आपोआप रक्त येणाऱ्या, मऊ पडलेल्या, दुर्गंधीयुक्त हिरड्यांना तिथे ‘शीताद’ असे नाव आहे. इतक्या जुन्या ओळखीनंतरही भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १२ वर्षांच्या ५७ टक्के मुलांना हिरड्यांचा कोणता ना कोणता त्रास आढळला. ३५ ते ४४ या वयात तो आकडा ८९.६ टक्क्यांवर गेला. ६५ ते ७४ मध्ये तो ७९.९ टक्क्यांपर्यंत उतरलेला दिसतो. वय वाढल्यावर हिरड्या सुधारतात असे त्यावरून समजू नये. दातच गेले की हिरडीचा आजार मोजायला जागा राहत नाही. ज्या आजीला कळण्याची भाकरी दुधात कुस्करल्याशिवाय खाता येत नाही आणि ठेच्यातला शेंगदाणा बाजूला काढावा लागतो, तिचा हिशेब त्या उतरलेल्या आकड्यात दडलेला आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४ पासून कागदावर आहे. ३० मे २०२३ रोजी महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने ‘स्वच्छ मुख अभियाना’साठी सचिन तेंडुलकर यांना सदिच्छादूत नेमले. त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन जळगाव जिल्ह्यातल्या जामनेरचे. दात घासा, चूळ भरा, सकस खा, तंबाखू टाळा, वर्षातून दोनदा दात दाखवा, हा त्या अभियानाचा संदेश, आणि त्यातला प्रत्येक शब्द योग्य आहे. तेंडुलकरांचा चेहरा गावच्या फलकापर्यंत पोचतो. वर्षातून दोनदा दात दाखवायचे कुठे, याचे उत्तर मात्र सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात कोणी दिलेले नाही. धुळ्यात साक्री रस्त्यावर दंत महाविद्यालय आहे. जळगावला चिंचोली शिवारातल्या वैद्यकीय संकुलाच्या २०१७ च्या मंजुरीत दंत महाविद्यालयाचाही समावेश होता. इमारती शहरांजवळ उभ्या राहतात. रक्त चोपड्याच्या, साक्रीच्या, शिंदखेड्याच्या गावांत येत असते.

नव्या इमारतीची वाट न पाहता करता येण्याजोगे बरेच आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर महिला तपासणीसाठी येतात. त्यांचे वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन पाहिले जाते. त्याच रांगेत एक दंतवैद्य बसवता येतो. तीस वर्षांवरील लोकांची असंसर्गजन्य आजारांसाठी जी तपासणी होते, तिच्यात रक्तदाब आणि साखरेबरोबर तोंडाचा कर्करोगही शोधतात. म्हणजे उपकेंद्रात माणसाने तोंड उघडलेले असते, विजेरी पेटलेली असते, आरोग्य अधिकारी आत पाहत असतात. त्यांनी त्याच वेळी हिरडी पाहावी, ‘घासताना रक्त येते का’ एवढे विचारावे, आणि होकार आला तर कोणत्या दिवशी कुठे जायचे ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. दंत महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांच्या शिबिरांच्या तारखा या चिठ्ठ्यांना जोडाव्यात. आज पुष्कळ शिबिरे दात मोजून, टूथपेस्टची नळी वाटून परततात. किटण काढण्याचे यंत्र गाडीत असेल तर त्याच दिवशी काम होते. धुळे आणि जळगाव या दोन्ही जिल्हा परिषदांच्या आरोग्य विभागांनी मनावर घेतले तर यासाठी नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाच्या फेऱ्याही लागत नाहीत.

तोवर घरात एक गोष्ट करता येईल. खान्देशातल्या बहुतेक स्वयंपाकघरांत भिंतीवर कॅलेंडर असते. सिलिंडर कधी लागला, दूध कधी आले नाही, बाईचा खाडा कधी झाला, हे त्याच्या चौकटींत पेनने लिहिलेले असते. ब्रश करताना रक्त दिसेल त्या दिवशी तिथेच एक टिंब द्यावे आणि त्या रात्रीपासून मऊ ब्रशने, रोज दोन वेळा, सांध्यावर घासायला सुरुवात करावी. रक्त येईल त्या त्या दिवशी टिंब देत जावे. पंधराव्या दिवसाच्या चौकटीतही टिंब पडले, तर जवळच्या दातांच्या डॉक्टरांचा नंबर त्याच चौकटीत लिहावा आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाताना अर्धा तास त्यांच्यासाठी काढावा.